क्रमांकाचा खांब आणि धरणाचा काठ

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार. धरणाच्या काठी तंबू ठोकून रात्र काढण्याची हौस गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चांगलीच वाढली आहे. आपल्या दैनिकातही त्याबद्दल कधी कौतुकाने आणि एखादी दुर्घटना घडली की काळजीने लिहून येते. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून एकतीस वर्षे काढली, त्यामुळे धरणाचा काठ माझ्यासाठी सहलीचा कधी नव्हताच. तो कामाचा होता. मात्र मागच्या जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गेलो असता तिने आम्हा दोघांना एका तळ्याकाठच्या सरकारी उद्यानात तीन रात्री तंबूत राहायला नेले आणि तेव्हापासून तिथला एक साधा लाकडी खांब माझ्या डोक्यातून जात नाही. त्या खांबाविषयी लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच. 'तिकडे सगळे कसे छान' या चालीचे हे पत्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उद्यानाचे नाव इटास्का स्टेट पार्क. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारने राखलेले उद्यान. केंद्राच्या राष्ट्रीय उद्यानांशी त्याची गल्लत करू नये. मिनीयापोलिस शहरापासून वायव्येला मोटारीने साधारण चार तासांवर, पाइनच्या जंगलात, सुमारे तेरा हजार हेक्टरांवर ते पसरले आहे आणि त्याच्या हद्दीत लहानमोठी शंभराहून अधिक तळी आहेत. मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असे मिरवलेले असते. दहा एकरांहून मोठी तळीच मोजली तरी ती ११,८४२ भरतात, म्हणजे या बाबतीत त्यांनी चक्क कमी सांगितले आहे. त्या सगळ्यांत इटास्का तळ्याचा मान वेगळा, कारण त्याच्या उत्तर टोकातून मिसिसिपी नदी निघते. पुढे जिच्यावरून मालवाहू तराफ्यांचे तांडे चालतात ती नदी इथे आमच्या एखाद्या वितरिकेएवढी, म्हणजे कालव्याच्या फाट्याएवढी रुंद आणि गुडघाभर खोल आहे. तळ्याच्या तोंडाशी गोटे रचलेले आहेत आणि त्यांवरून तोल सावरत नदी पायी ओलांडणे हा तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा विधीच असतो. आमच्या सौ. पातळ खोचून पलीकडे गेल्या, परत आल्या आणि 'झाली मिसिसिपी' म्हणाल्या. शेजारच्या उभ्या ओंडक्यावर इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत २,५५२ मैल असे कोरले आहे. हल्लीची मोजमापे त्याहून दोनशे मैलांनी तरी कमी भरतात, पण ओंडका कोणी बदललेला नाही. नदी आधी उत्तरेला जाते आणि मग वळसा घेऊन दक्षिणेची वाट धरते, हेही मला तिथेच कळले.

आमच्यासारख्याची नजर गोट्यांच्या खाली जाते. पाणी सगळ्या रुंदीभर इतक्या सारख्या पातळीने उतरत होते की हे निसर्गाचे काम नव्हे, हे मी जावयांना म्हणालो; पुढे माहिती केंद्रातल्या फलकाने ते खरे ठरवले. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जी पथके उभारली होती त्यांनी इथली दलदल आवरली, प्रवाहाला नीट वाट करून दिली आणि गोट्यांच्या खाली काँक्रीटचा ठेंगणा बंधारा घातला. अगदी उगमावरही माणसाचा हात फिरलेला आहे आणि ते त्यांनी लपवलेले नाही, याचे मला बरे वाटले.

हे उद्यान सहज झालेले नाही. १८९१ च्या एप्रिलमध्ये ते स्थापन करण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळात अवघ्या एका मताने मंजूर झाला. तेव्हा त्या मुलखातले पाइनचे जंगल लाकूडतोडीच्या धंद्याने झपाट्याने संपत चालले होते आणि जेकब ब्रॉवर नावाच्या गृहस्थांनी तळ्याभोवतीचे उरलेले जंगल वाचावे म्हणून हा विषय लावून धरला होता. ठराव झाला, तरी तोड थांबली नाही. ओंडके वाहून न्यायला पाणी हवे म्हणून लाकूडवाल्यांनी नदीवर बांध घातला, तळ्याची पातळी वर चढली आणि काठावरची झाडे बुडू लागली. १९०३ साली उद्यानाची व्यवस्था मेरी गिब्ज या चोवीस वर्षांच्या तरुणीकडे आली होती. वडील त्या पदावर असताना वारले, म्हणून ती नेमली गेली. तिने बांधावर जाऊन दारे उघडा असे सांगितले, तेव्हा समोरून बंदूक रोखली गेल्याची हकिकत तिथे आजही सांगतात. ती त्या पदावर काही महिनेच टिकली. पण दार कोणी आणि कधी उचलायचे यावरून बांधावर हातघाईवर येणारी माणसे मी नोकरीत पाहिलेली आहेत, त्यामुळे ती मुलगी मला परकी वाटली नाही. उगमाजवळच्या माहिती केंद्राला आज तिचेच नाव आहे.

आता खांबाकडे येतो. मुक्कामाच्या भागात डांबरी रस्त्याच्या कडेला दर वीस-पंचवीस पावलांवर कमरेएवढा एक लाकडी खांब आणि त्यावर क्रमांक. प्रत्येक खांबामागे झाडीत मोकळी केलेली एक जागा. तिथे एक मोटार उभी करण्यापुरती खडी, बाकांसह एक जड लाकडी मेज, जाळ करण्यासाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे आणि तंबूपुरती सपाट जमीन. याउपर काहीही नाही. खांबाला एका चिमट्यात चिठ्ठी अडकवलेली असते, ती जागा कोणत्या तारखेपर्यंत घेतलेली आहे हे सांगणारी. मुलीने आमची जागा फेब्रुवारीतच, बाहेर बर्फ असताना, घेऊन ठेवली होती, कारण आरक्षण एकशेवीस दिवस आधी खुले होते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा पाहता पाहता संपतात. उद्यानात अशा जागा दोनशेच्या वर आहेत, पण आहेत तेवढ्याच. एका जागेवर माणसे किती, गाड्या किती, याचीही मर्यादा ठरलेली असते. सगळ्या चिठ्ठ्या लागल्या की उद्यान भरले. तळ्याकाठी अजून शंभर तंबूंची मोकळी जागा दिसत असली तरी भरले म्हणजे भरले, आणि उशिरा आलेल्या मोटारी निमूट मागे फिरतात. आमच्या समोरून अशी एक मोटार परत गेली. मागच्या काचेला नाक लावून बसलेली दोन मुले होती, त्यांचे वाईट वाटले.

जळणाचाही नियम आहे. घरून लाकडे आणायची नाहीत, तिथली किंवा जवळपासची मान्यताप्राप्त मोळीच विकत घ्यायची, कारण जळणातून झाडे पोखरणारे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. ॲश नावाच्या झाडांचा अशाच एका आशियातून आलेल्या भुंगेऱ्याने तिथे संहार चालवला आहे. तळ्यातून बोट बाहेर काढली की तळाचे बूच काढून पाणी तिथेच सांडून द्यायचे, हा तर कायदाच आहे. एक म्हातारा कोळी आपली बोट गाडीवर चढवून, बूच हातात घेऊन, शेवटचा थेंब गळेपर्यंत उभा राहिलेला मी पाहिला. इकडे जलपर्णी एका बंधाऱ्यातून दुसऱ्यात कशी पोहोचते याच्या चौकशीचे कागद मी स्वतः पुढे पाठवले आहेत. बुचाएवढी सोपी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती.

पहिल्या रात्रीचा एक प्रसंग कबूल केला पाहिजे. शेजारच्या दोन जागा जावयांच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांनीच घेतल्या होत्या. पिठले-भात झाला, शेकोटीभोवती मंडळी बसली, मुले पेंगली आणि अंताक्षरी रंगली. आवाज फार नव्हता असे आम्हाला वाटत होते. तसे ते प्रत्येक गाणाऱ्याला वाटतच असते. दहा वाजून गेल्यावर काही मिनिटांनी हातातली विजेरी जमिनीकडे धरून एक बाई आल्या, उद्यानाच्या कर्मचारी असाव्यात. 'गाणी छान आहेत,' त्या म्हणाल्या, 'पण रात्री दहा ते सकाळी आठ शांततेची वेळ आहे, आणि बेचाळीस क्रमांकावर लहान बाळ आहे.' दंडाची भाषा नाही, दमदाटी नाही. त्या गेल्या आणि आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता भांडी आवरू लागलो. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात तळ्यावरून एक लांब, चढत गेलेली साद आली. कोल्हेकुई नव्हे, आणि माणसाचे हसणेही नव्हे. नातू झोपेतून उठून म्हणाला, 'आजोबा, लून!' लून हा तिथला राज्यपक्षी, काळा-पांढरा, लाल डोळ्यांचा, पाणबुड्यासारखा बुडी मारणारा. आमची अंताक्षरी चालू राहिली असती तर तो आम्हाला ऐकू आला नसता.

दुसऱ्या दिवशी जंगलात फिरताना पाइनच्या लहान रोपांच्या शेंड्यांना स्टेपलरने कागदाच्या घड्या टोचलेल्या दिसल्या. मला वाटले, कोणी खेळ केला असेल. पण शेंड्याचा कोंब हरणांनी खाऊ नये म्हणून थंडीपूर्वी हे कागद लावतात. उद्यान झाल्यावर शिकार बंद ठेवली, हरणे फोफावली, त्यांनी नव्या पिढीची रोपे फस्त केली आणि जुने वृक्ष दिमाखात उभे असताना खाली वारस उरेनात. चांगल्या हेतूने केलेल्या बंदीचा हिशेब अशी एक-एक घडी टोचून फेडावा लागतो आहे.

बाकीच्या उण्या बाजूही सांगतो. डास असे की आमच्या भातखाचरांतले त्यांच्यापुढे सज्जन म्हणावेत. स्वतःची मोटार नसलेल्या माणसाला तिथे पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे. आणि सर्वांत मोठे उणे इतिहासातले आहे. हे तळे ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांचे. १८३२ साली हेन्री स्कूलक्राफ्ट या गोऱ्या अधिकाऱ्याला उगमापर्यंत घेऊन गेला तो ओजिब्वेंचा ओझाविंदिब. तळ्याला त्यांच्या भाषेत एल्क या मोठ्या हरणावरून पडलेले नाव आधीपासून होते. स्कूलक्राफ्टने 'खरे मूळ' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची शेपटी-डोकी छाटून 'इटास्का' हे नाव बनवले आणि नकाशावर तेच राहिले. जमिनी तहांनी गेल्या. माहितीफलकांवर आता हे लिहिलेले असते, पण फलक लावला म्हणून काठ परत मिळत नाही. आपल्याकडे प्रत्येक धरणाच्या पोटात कोणाची तरी शेते आणि देवळे आहेत. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीत सत्याग्रह केला तो याच दुखण्यावर. म्हणून 'काठ कोणाचा' हा प्रश्न मला तिथेही सुटेना.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो नुसत्या प्रवेशशुल्कातून निघत नाही. मिनेसोटाच्या मतदारांनी २००८ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःवरचा विक्रीकर तीन-अष्टमांश टक्क्याने वाढवून घेण्याची घटनादुरुस्ती मतदानाने मंजूर केली. त्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, १४.२५ टक्के, उद्याने आणि पायवाटा यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे आणि ही तरतूद २०३४ पर्यंत चालणार आहे. लोकांनी रांगेत उभे राहून आपलाच कर वाढवला, हे जावई सांगत होते तेव्हा मी ते दोनदा विचारून घेतले.

परत आल्यावर हिवाळ्यात पुतण्याच्या आग्रहाने आपल्याकडच्या एका धरणाच्या काठी मुक्काम केला. धरणाचे आणि मुक्काम चालवणाऱ्यांचे नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. संध्याकाळी सवयीने मी तंबू मोजायला लागलो. सत्तेचाळीसपर्यंत आलो आणि पुढचे तंबू एकमेकांना इतके चिकटलेले होते की मोजणी सोडून दिली. तेवढ्या सगळ्यांना पत्र्याची तीन शौचालये. त्यांच्यामागून निघालेला प्लॅस्टिकचा नळ कुठे जातो ते पाहायला मी उतरलो तर तो पाण्याच्या रेषेपासून हातभर अलीकडे संपला होता, आणि त्याच्या डावीकडे, हाकेच्या अंतरावर, एका गावाच्या पाणीयोजनेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची विहीर, उभी होती. आठ वाजता जनित्र सुरू झाले, नऊ वाजता तीन ठिकाणचे तीन ध्वनिक्षेपक. बारा वाजता मी मुक्काम चालवणाऱ्याला भेटलो. मुलगा गावातलाच, तिशीच्या आतला, बोलायला अदबीचा. 'काका, मी बंद केले तर शेजारचा करणार नाही, आणि माझे गिऱ्हाईक उद्यापासून त्याच्याकडे,' तो म्हणाला. 'कोणी तरी येऊन सगळ्यांचे बंद करायला पाहिजे.'

त्या मुलाचे म्हणणे मला पटले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको, हा नियम मिनेसोटातून आणण्याची गरज नाही. २००० सालच्या आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा हीच वेळ दिलेली आहे. नियमांत दोन तासांचाच काय तो फरक. नाही ते एवढेच, की विजेरी जमिनीकडे धरून येणारी ती बाई आपल्या काठावर नाही, आणि ती आली तरी कोणत्या क्रमांकावर जाऊन सांगणार? क्रमांकच नाही. किती तंबू हे कोणाला ठाऊक नाही, म्हणून किती शौचालये हवीत हे ठरत नाही, बुडण्याचा प्रसंग आला तर काठावर त्या रात्री माणसे किती होती हेही सांगता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, त्यांच्याकडे जमीन उदंड आणि माणसे थोडी. खरे आहे. सुमारे सव्वादोन लाख चौरस किलोमीटरच्या मिनेसोटात सत्तावन्न-अठ्ठावन्न लाख लोक राहतात. आपण महाराष्ट्रात तीन लाख चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेलाच सव्वाअकरा कोटी होतो. पण माणसे उदंड म्हणून मोजणी नको, हे तर्कशास्त्र मला कळत नाही. पाणी कमी असते त्या वर्षी आम्ही पाणीपाळी, म्हणजे कोणाला कधी पाणी सोडायचे याची पाळी, अधिक काटेकोर लावत असू, सैल नव्हे.

खात्यातल्या माणसाला हे ठाऊक असते की क्रमांक आपल्या काठावर मुळातच आहेत. धरणासाठी जमीन संपादित झाली तेव्हा तिच्या कडेने हद्दीचे दगड बसवले आणि त्यांवर आकडे घातले. पुष्कळ दगड आज झुडपात गेले, काही उपटून कोणाच्या अंगणाची पायरी झाले, एक-दोन शेंदूर लागून देव झालेले मी पाहिले आहेत. पण नकाशे आणि नोंदवह्या कार्यालयात आहेत. दुसरी गोष्ट गाळपेराची. धरणाचे पाणी उतरले की उघडी पडणारी गाळाची जमीन दरवर्षी पिकासाठी भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यात ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना आधी विचारायचे असते. तंबूच्या जागाही अशाच का देऊ नयेत? संपादित पट्ट्यात, पाणीयोजनेच्या विहिरीपासून आणि खोल पाण्यापासून दूर, मोजून चाळीस जागा आखाव्यात. प्रत्येकीला खांब आणि आकडा. जागा वर्षाच्या पट्ट्याने धरणग्रस्त कुटुंबांकडे. शौचालयाचा मैला काठाकडे न जाता टाकीत. आणि भाड्यातून पगार मिळणारा गावातलाच एक माणूस किंवा बाई, जिला दहा वाजता फेरी मारण्याचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही असेल. लगतच्या खासगी जमिनींचे काय, हा कठीण प्रश्न उरतो, तो मी टाळत नाही. पण सरकारने स्वतःच्या हद्दीत आधी आकडे लावले, तर शेजाऱ्याला नियम सांगायला तोंड तरी राहील.

जलसंपदा, वन आणि पर्यटन अशा तीन खात्यांच्या फायली एकत्र येईपर्यंत वाट पाहायची झाली तर माझ्या हयातीत हे होणार नाही, हे मी अनुभवाने जाणतो. म्हणून सुरुवात एकाच मध्यम धरणावर आणि एकाच हिवाळ्यासाठी व्हावी. हद्दीचे दगड शोधून त्यांवर पुन्हा चुना मारण्याचे काम दोन माणसे, मोजणीची एक साखळी, एक नोंदवही आणि एक विळा एवढ्यावर, सकाळी सातला निघाले तर, चार दिवसांत होते. आम्ही ते अनेकदा केले आहे. कोणी अधिकारी नकाशा घेऊन यायला तयार असतील तर त्यांच्याबरोबर काठाने चालायला मी येईन. गुडघे अजून ठीक आहेत आणि विळा माझ्याकडे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कालवा निरीक्षक,
नाशिक जिल्हा